ताप, ऊष्मा आणि उष्णता: ग्वाल्हेरच्या घरात, हाताशी असलेल्या भांड्यांनी

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत उष्णतेचा धडा सुरू होण्याआधीच अडखळतो, आणि अडखळतो तो शब्दांवर. मुलं शाळेत हिंदीतून शिकतात. त्यांच्या पुस्तकात ‘ताप’ म्हणजे तापमान आणि ‘ऊष्मा’ म्हणजे उष्णता. घरी आल्यावर आजी कपाळाला हात लावून म्हणते, ‘याला ताप आलाय’. शेजारच्या काकू म्हणतात, ‘यंदा उष्णता फार वाढली’. त्यांना म्हणायचं असतं तापमान. वर ‘आंबा उष्ण पडतो’ आहेच, मग तो आंबा फ्रिजमधून काढलेला का असेना! इतके अर्थ डोक्यात घेऊन मूल वर्गात बसतं आणि परीक्षेत ‘ऊष्मा आणि ताप यांतील फरक लिहा’ याचं उत्तर पाठ करून लिहितं. गुण मिळतात, पण फरक कळलेला नसतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर या जुन्या भागातल्या आमच्या दगडी घरात मी बरीच वर्षं नववी ते बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते आहे. हा फरक फळ्यावर कळत नाही, भांड्यांत कळतो, हे मला त्यातूनच उमगलं. खाली लिहिलेले प्रयोग याच क्रमाने करा. एका रविवारी सगळे उरकू नका, दोन-तीन रविवार जाऊ द्या.

आधी सामान

एक थर्मामीटर लागेल, पण ताप बघायचा नको. तो साधारण ३५ ते ४२ अंश सेल्सिअसच्या पलीकडे काही दाखवत नाही. जुना काचेचा असेल तर गरम पाण्यात फुटेल आणि पारा घरभर होईल, आणि पारा विषारी आहे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात लाल द्रवाचा ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर मिळतो. पदार्थाचं तापमान बघायचा, स्टीलच्या दांडीचा डिजिटल थर्मामीटरही चालेल. त्याशिवाय स्वयंपाकघरातला वजनकाटा, लिटरचं माप, तीन पातेली, एक स्टीलचा थर्मास, बर्फ, आणि जुन्या तराजूचं एक किलोचं लोखंडी वजन. हे वजन बहुतेक जुन्या घरांत माळ्यावर सापडतं. आमचं तसंच सापडलं.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. थर्मामीटर खरं तर स्वतःचंच तापमान सांगतो. तो पाण्यात बुडवल्यावर त्याचं आणि पाण्याचं तापमान एक व्हायला वेळ लागतो, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि पाणी ढवळून मगच वाचायचं. मुलांच्या निम्म्या चुका इथे होतात.

पहिला रविवार: हाताची साक्ष

तीन पातेली घ्या. एकात बर्फ घातलेलं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात हाताला सोसेल इतकं कोमट, फार तर ४० अंश. एक हात गार पाण्यात, दुसरा कोमट पाण्यात मिनिटभर ठेवा, मग दोन्ही एकदम मधल्या साध्या पाण्यात घाला. एक हात म्हणेल पाणी गरम आहे, दुसरा म्हणेल गार आहे. थर्मामीटर घातला तर आकडा एकच.

हा प्रयोग पुस्तकांत असतो, म्हणून मुलं तो पटकन मान्य करतात. त्याच्या पुढचा मात्र त्यांना खरोखर हलवतो. जानेवारीच्या सकाळी, घरात १० अंश असताना, रात्रभर एकाच खोलीत ठेवलेला लाकडी पाट आणि पितळी परात यांना हात लावून पाहा. परात बर्फासारखी लागते, पाट बरा वाटतो. आता दोन्हींचं तापमान मोजा: तेवढंच. हेच मे महिन्यात, गच्चीवरच्या सावलीत ४४ अंश असताना करा. आता परात चटका देते आणि पाट तसा सोसवतो. तीच परात, तोच पाट, हिवाळ्यात ती जास्त गार आणि उन्हाळ्यात जास्त गरम! वर्षातून दोनदा हा प्रयोग इतक्या लख्खपणे करायला ग्वाल्हेरसारखं गाव नाही. थंडीत पारा पाचच्या खाली आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पंचेचाळिशीच्या वर, हे इथे नेहमीचंच.

कारण असं. आपली त्वचा साधारण ३३-३४ अंशांवर असते. परात त्याहून गार असेल तर हातातली ऊर्जा परातीकडे जाते, परात जास्त तापलेली असेल तर परातीकडून हाताकडे येते. धातूमधून हा प्रवास झपाट्याने होतो, लाकडातून रेंगाळत. हाताला कळतो तो त्या प्रवासाचा वेग. तापमान हाताला थेट कळतच नाही. म्हणून ‘हात लावून बघितलं’ हे मोजमाप नव्हे. आजीचा कपाळावरचा हातसुद्धा ती नुकती भांडी घासून आली असेल तर चुकतो.

मग तापमान म्हणजे काय?

कुठल्याही वस्तूतले कण एका जागी थरथरत असतात किंवा इकडेतिकडे धावत असतात. काही जोरात, काही हळू. या अस्ताव्यस्त हालचालीची सरासरी तीव्रता म्हणजे तापमान. ही सरासरी आहे, बेरीज नव्हे, एवढा एक शब्द मुलांकडून तीनदा म्हणवून घ्या. सगळ्या कणांच्या हालचालीची आणि त्यांच्या आपसांतल्या ओढीची मिळून होणारी एकूण ऊर्जा, ती औष्णिक ऊर्जा.

दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्या ठिणग्या हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त तापलेल्या असतात, तरी हातावर उडालेली एखादी ठिणगी जेमतेम टोचते. पण विझलेल्या फुलबाजीची तार, जी त्याहून कितीतरी कमी तापलेली असते, ती पायाखाली आली की फोड येतो. ठिणगीचं तापमान प्रचंड, पण कण मूठभरसुद्धा नाहीत, म्हणून एकूण ऊर्जा नगण्य. तारेत वस्तुमान आहे, म्हणून द्यायला ऊर्जा आहे. (विझलेल्या तारा पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हे दरवर्षी सांगावं लागतं.)

तापमानाच्या मोजपट्ट्या आपल्या घरात दोन नांदतात. अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये, हवा सेल्सिअसमध्ये. फॅरनहाइटने आपली पट्टी १७२४ साली मांडली, त्यात पाणी ३२ वर गोठतं आणि २१२ वर उकळतं. सेल्सिअसने १७४२ साली शंभर भागांची पट्टी सुचवली, तीही उलटी: उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर. ती नंतर सुलटी झाली. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायला ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा, की ९८.६ चे ३७ होतात. तिसरी पट्टी केल्विनची. तिचं शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही. म्हणूनच ‘आज ४० अंश, म्हणजे २० अंशांच्या दुप्पट गरम’ हे चूक आहे. केल्विनमध्ये ते ३१३ आणि २९३ आहेत, फरक जेमतेम सात टक्क्यांचा.

उष्णता: आहेर देतानाच आहेर

आता मुख्य गोष्ट. लग्नात मामाने साडी दिली तर देतेवेळी तो ‘आहेर’. ती कपाटात गेली की साडी. कपाटात ‘आहेर किती आहे’ असं कुणी विचारत नाही, साड्या किती ते विचारतात. आणि दुकानातून विकत आणलेली साडी त्याच कपाटात ठेवली, तर घडी बघून आहेराची कोणती आणि विकतची कोणती हे सांगता येत नाही.

उष्णतेचं हेच आहे. तापमानातल्या फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जात असलेली ऊर्जा, ती उष्णता. पोचली की ती औष्णिक ऊर्जेत जमा. ‘या चहात किती उष्णता आहे’ हा प्रश्नच चुकीचा. चहाने हवेला किती उष्णता दिली, हे विचारता येतं.

आणि विकतची साडी? ते काम (पुस्तकातलं ‘कार्य’), म्हणजे घासून, हलवून, बळ लावून दिलेली ऊर्जा. थंडीत तळवे एकमेकांवर घासले की ते तापतात, तरी त्यांच्याहून गरम असं काही जवळ आलेलं नसतं. स्टीलच्या थर्मासमध्ये पाव किलो कोरडी वाळू भरा, तापमान घ्या, झाकण लावून तीनशे वेळा जोरात वरखाली हलवा, पुन्हा घ्या. जेमतेम अंशभर चढेल, पण चढेल. हाताची ऊब आत जाऊ नये म्हणूनच थर्मास. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे असं अठराव्या शतकात मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. त्याच शतकाच्या शेवटी रम्फर्ड या शास्त्रज्ञाने म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना पाहिलं, की घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते, संपत नाही. द्रव असता तर कधीतरी संपला असता. पुढे १८४०च्या दशकात जूलने पाण्यात वल्ही फिरवून हिशेब जुळवला: एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१९ जूल (ऊर्जेचं हे एकक त्याच्याच नावाचं). हीच ती जुनी कॅलरी. बिस्किटांच्या पुड्यावरची कॅलरी मात्र हिच्या हजारपट असते.

दुसरा रविवार: लोखंडी वजन

एक लिटर पाणी ६० अंशांचं आणि एक लिटर २० अंशांचं मिसळा. मुलं सांगतील ४०, आणि थर्मामीटर ३८-३९ दाखवेल. उरलेलं पातेल्याने आणि हवेने घेतलं. ही तूट मुलांना स्वतः शोधू द्या, लगेच सांगू नका.

आता एक किलोच्या लोखंडी वजनाला सुतळी घट्ट बांधा आणि उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. (आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे पाणी शंभरला नाही, ९९च्या थोडं वर उकळतं. आकडा शंभर दिसला नाही म्हणून थर्मामीटरला दोष देऊ नका.) हे काम मोठ्या माणसाने करायचं. सुतळीला धरून वजन उचला, क्षणभर निथळू द्या आणि २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सोडा. विचारा: किती होईल? दोन्ही बाजूंना एकेक किलो, म्हणजे साठच्या आसपास, असं जवळपास प्रत्येक मूल म्हणतं. थर्मामीटर थांबतो २७-२८ वर.

तेव्हा खोलीत जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी हा प्रयोग दरवर्षी करते.

तेवढ्याच वस्तुमानाचं तापमान तेवढंच वाढवायला प्रत्येक पदार्थाला वेगवेगळी ऊर्जा लागते. एक किलो एक अंशाने तापवायला पाण्याला ४.१९ किलोजूल, तेलाला साधारण २, ॲल्युमिनियमला ०.९, लोखंडाला ०.४५, तांब्या-पितळेला ०.३८ च्या आसपास. हिला मराठीत विशिष्ट उष्माधारकता म्हणतात, हिंदी पुस्तकात विशिष्ट ऊष्मा. सूत्र एकच:

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला फरक

लोखंडाने दिलेली आणि पाण्याने घेतलेली उष्णता बरोबर मांडली की २७.७ निघतात. करून बघा.

हे सूत्र परीक्षेपुरतं नाही. जानेवारीत १५ लिटरची बादली १५ अंशांवरून ४० वर न्यायची तर १५ × ४.१९ × २५ म्हणजे सुमारे १,५७० किलोजूल. पाण्यात बुडवून ते तापवायचा विजेचा रॉड १,५०० वॅटचा असेल तर तो सेकंदाला १.५ किलोजूल देतो, म्हणजे साडेसतरा मिनिटं. प्रत्यक्षात वीसेक लागतात, वीज अर्धा युनिट. चाळीस मिनिटं लावून ठेवणाऱ्या घरांनी हा हिशेब भिंतीवर लावावा. आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही, हे त्याच्याही वर लिहावं.

आता आपली पटियांची छतं. लष्करातल्या जुन्या घरांत वाळूदगडाच्या लांब फरश्या टाकून छत केलेलं असतं. दहा चौरस मीटर छत, जाडी पाच सेंटीमीटर धरली तर दगडच सव्वा टनाच्या जवळ जातो. विशिष्ट उष्माधारकता ०.८५ धरा. दिवसभर तापलेलं छत रात्री २० अंशांनी निवताना सुमारे २० हजार किलोजूल सोडतं, आणि त्यातली बरीच खाली, आपल्या अंगावर. रात्री बारापर्यंत खोली भट्टीसारखी का राहते याचं हे उत्तर. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची आपल्याकडची पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे, पण तिचं खरं कारण पुढच्या प्रयोगात आहे.

तिसरा रविवार: आकडा का अडकतो

अर्धा किलो बर्फ ठेचा, पाणी सुटू लागेपर्यंत थांबा, मग मंद आचेवर ठेवून सतत ढवळा. दर मिनिटाला तापमान लिहायला एक मूल, घड्याळाला एक. आच चालू आहे, उष्णता जाते आहे, आणि आकडा शून्यावर चिकटलेला. बर्फाचा शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत तो हलत नाही, मग झरझर चढतो.

लागलेली मिनिटं मोजा. बर्फ वितळायला जितका वेळ गेला, साधारण तेवढाच वेळ ते पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत जायला लागतो. एक किलो बर्फ नुसता वितळायला ३३४ किलोजूल लागतात, तेवढ्यात एक किलो पाणी ८० अंशांनी तापलं असतं. ही ऊर्जा कणांचा वेग वाढवत नाही, त्यांची एकमेकांवरची पकड सोडवते, म्हणून थर्मामीटरला दिसत नाही. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोत हे ओळखलं. आपण तिला अप्रकट उष्मा म्हणतो, हिंदीत गुप्त ऊष्मा. उष्णता आणि तापमान एकच नाहीत याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

पाण्याची वाफ व्हायला तर किलोमागे २,२६० किलोजूल लागतात. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट का, ते इथेच कळतं: अंगावर पाणी होताना ती हे सगळं देऊन टाकते.

वाफ व्हायला उकळावंच लागतं असं नाही. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी सुकतं तेव्हा किलोमागे सुमारे २,४०० किलोजूल ते माठाकडून आणि आजूबाजूच्या हवेकडून ओढून घेतं. पाच लिटरचा माठ संध्याकाळी भरून वजन करा, सकाळी पुन्हा करा. पाव किलो कमी झालं असेल तर ६०० किलोजूल गेले. सगळे आतल्या पाण्यातूनच गेले असते तर ते सुमारे २९ अंशांनी उतरलं असतं. तितकं उतरत नाही, कारण बाहेरची गरम हवा माठाला उष्णता देत राहते. म्हणूनच माठाला ओलं फडकं गुंडाळून तो सावलीत, पण वाऱ्यात ठेवायचा. बंद कपाटात ठेवलेला माठ बिचारा काही करू शकत नाही. गच्चीवर मारलेलं पाणीही असंच सुकताना छताची उष्णता ओढून नेतं.

प्रवासाचे तीन मार्ग, थोडक्यात

चमच्याची दांडी तापते ते वहन: कण जागेवरच राहतात, थरथर पुढे सरकते. पातेल्यातलं पाणी खालून वर फिरतं ते अभिसरण: तापलेला भाग स्वतःच उठून जातो. उन्हात किंवा शेकोटीसमोर फक्त पुढची बाजू तापते ते प्रारण, त्याला मधे काहीही लागत नाही. पुस्तकात हे नीट असतं, मी वेगळं काय लिहू?

एक प्रयोग मात्र कराच. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या, एक ताटलीत उघडा, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुलईत गुंडाळलेला. आधी कोणता विरघळेल? ‘दुलई गरम असते’ म्हणून मुलं दुलईतला सांगतात. अर्ध्या तासाने उघडून पाहिलं तर तोच जास्त शिल्लक. दुलई ऊब तयार करत नाही, तिच्या कापसात अडकलेली हवा उष्णतेची वाट अडवते, आतून बाहेर असो की बाहेरून आत.

शेवटचा प्रयोग: ओला थर्मामीटर

हा मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा करायचा. सावलीत हवेचं तापमान घ्या. मग थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळा, समोर पंखा लावा, आणि आकडा उतरायचा थांबला की लिहा.

मे महिन्यात लू (उन्हाळ्यातला कोरडा, तापलेला वारा) वाहत असताना हवा ४५ अंश आणि आर्द्रता दहा टक्के असेल, तर ओला थर्मामीटर २१-२२ पर्यंत खाली येतो. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांना गार करायला वाव असतो तो एवढा. जुलैत हवा ३४ आणि आर्द्रता ७५ टक्के असली तर तो ३० वरच थांबतो. हवेत आधीच इतकी वाफ असते, की नवी फारशी मावत नाही.

आपला घामही ओलं मलमलच आहे. त्वचेवरून तो सुकला तरच शरीर निवतं. ओल्या थर्मामीटरचा आकडा पस्तिशीकडे जाऊ लागला तर घाम निथळतो पण गार करत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान बाळांना, उन्हात राबणाऱ्यांना धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. वर्तमानपत्रातला ‘पारा उतरला’ हा मथळा वाचून निर्धास्त होऊ नका. तो आकडा सावलीतल्या, हवेशीर पेटीतल्या कोरड्या थर्मामीटरचा असतो. तुमच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईची हवा वेगळी असते.

कूलरचंही तेच गणित. खोली बंद करून तो लावला तर तासाभरात खोलीतली हवाच ओली होते आणि गारवा संपतो. समोरची खिडकी वीतभर उघडी हवी, ओली हवा निघून जायला. आणि पाऊस सुरू होऊन ओला आणि कोरडा या दोन आकड्यांत चार-पाच अंशांचाच फरक उरला, की कूलरचा पंप बंद करा आणि नुसता पंखा चालू ठेवा.